बांध मिटला, मग मैत्री
(मंडळाच्या सभेतील भाषण)



"रशिया-चीनची मैत्री टिकेल का हो?" असं मला सारखं विचारतात. त्यातली एक गंमत सांगतो.

१९५० साली या दोघांनी तीस वर्षांचा करार केला. त्यात एकमेकांच्या रक्षणाची हमी होती. आणि मार्च १९६९मध्ये उसुरी नदीतल्या एका चिमुकल्या बेटावरून दोघांचे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते!

२००१च्या करारात तशी हमीच नाही. धोका वाटला तर सल्लामसलत करू, एवढंच. पण तो टिकला. २०२१मध्ये त्याची मुदतही वाढवली. माझ्या मते, या खेपेला त्यांनी बांधाचं भांडण मिटवलं म्हणून. सुमारे ४,२०० किलोमीटरची सीमा! तिचा शेवटचा तुकडा २००४मध्ये ठरला आणि २००८मध्ये रशियाने खाबारोव्स्कजवळचं एक बेट पूर्ण आणि दुसरं अर्धं चीनला देऊन टाकलं. बांधावरून सख्ख्या भावांत पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको.

फेब्रुवारी २०२२मध्ये दोघांनी आपल्या मैत्रीला सीमा नाही असं जाहीर केलं. संरक्षणाची हमी मात्र तेव्हाही दिली नाही.

आता आपलं. ऑगस्ट १९७१मध्ये भारत-सोव्हिएत करार झाला, तेव्हा मॉस्को आणि पेकिंगचं बिनसलेलं होतं. ते आपल्या पथ्यावर पडलं. आज ते दोघे जवळ आहेत आणि आपला चीनशी बांध अजून ठरायचाच आहे. गलवाननंतर, सप्टेंबर २०२०मध्ये, आपले आणि चीनचे परराष्ट्रमंत्री भेटले ते मॉस्कोतच. रशियाने बसायला जागा दिली. बाजू कुणाचीच घेतली नाही.

बाकीचे प्रश्न चहाबरोबर घेऊ.