हत्ती पाहण्याचे मोल

रान राखावयाचे, तर त्याचा खर्च कोणी सोसावा? म्हैसूर संस्थानात या प्रश्नाचे उत्तर एके काळी निराळ्या रीतीने दिले जाई. कबिनी नदीकाठच्या काकनकोटे येथील अरण्यात हत्तींचे कळप हाकारून लाकडी कोटात कोंडले जात, माणसाळविले जात आणि विकले जात. हा ‘खेड्या’चा सोहळा पाहण्यास व्हाइसरॉयांपासून राजपुत्रांपर्यंत पाहुणे येत. अखेरचा खेडा १९७१ साली झाला. पुढे तीनच वर्षांत कबिनीवरील धरण पुरे झाले आणि त्या अरण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

हत्ती मात्र राहिले. उन्हाळ्यात जलाशय ओसरला, की उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि नागरहोळे व बंडीपूर या दोन्ही रानांतून शेकड्यांनी हत्ती तेथे उतरतात. धरण बांधणारांच्या हिशेबात ही जमेची बाजू खासच नव्हती! १९८० साली कर्नाटक शासनाने ‘जंगल लॉजेस’ ही संस्था काढली. हेच वन्यजीवन पाहुण्यांना दाखवावे आणि त्यातून रानाचा पाठीराखा निर्माण करावा, हा तिचा हेतू. बंगळूर येथे तिचे मुख्य कार्यालय आहे. नेपाळातील ‘टायगर टॉप्स’ ही कंपनी प्रारंभी तिची भागीदार होती. कबिनीकाठी महाराजांच्या जुन्या शिकारखान्यात पाहुण्यांची सोय झाली आणि तिची धुरा कर्नल जॉन वेकफील्ड यांनी २०१० साली मृत्यू येईपर्यंत वाहिली. एके काळी स्वतः शिकार केलेला हा गृहस्थ पाहुण्यांना बंदुकीऐवजी दुर्बीण घ्यावयास शिकवीत असे.

येथवर सारे गोड आहे. परंतु ज्यांच्या नावातच मध आहे, त्या जेनु कुरुबांचे काय? खेड्याच्या काळी हत्तीला वश करणारे हात त्यांचेच. धरणापायी आणि राष्ट्रीय उद्यानापायी त्यांतील पुष्कळांना रानाबाहेर यावे लागले. त्याच रानात एका बड्या हॉटेल-कंपनीचे विश्रामस्थान उभे राहू लागले, तेव्हा आदिवासी आडवे झाले, आणि १९९७ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. आदिवासीस जेथे झोपडी नाही, तेथे श्रीमंताच्या शय्येला जागा असावी, हे कोणत्याही कायद्याला पटवून देणे कठीणच.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबविले आणि मग नियम बांधून पुन्हा मोकळे केले. २०२५ च्या उत्तरार्धात वाघांच्या हल्ल्यांत कबिनी परिसरातील शेतकरी दगावले. सफारीच्या गाड्यांनी जनावरे बिथरून शिवारात येतात, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. नोव्हेंबरात शासनाने नागरहोळे व बंडीपूर येथील सफारी बंद केली. गाड्यांमुळेच वाघ बाहेर पडतो, हे सिद्ध करणे सोपे नाही. पण ज्याच्या गोठ्याला धोका आहे आणि ज्याच्या घरात पर्यटनाचा रुपया येत नाही, त्याने ते मानले तर नवल कसले?

बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना मद्दूरच्या अलीकडे आडवाटेस लागले, की कोक्करेबेळ्ळूर हे खेडे येते. येथे ना तिकीटघर, ना राजवाडा. ऐन वस्तीतल्या चिंचांवर चित्रबलाक आणि झोळीवाले पाणपक्षी दरसाल घरटी करतात. बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणीच त्या, असे गावच्या बायका मानतात. माहेरपण फुकट होत नाही. घरटी असलेल्या झाडाची चिंच हाती लागत नाही. म्हणून वनखाते झाडाच्या मालकास भरपाई देते, आणि झाडाखाली साठलेली विष्ठा खत म्हणून शेतात जाते. २००७ साली हे गाव सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. ‘हेज्जार्ले बळग’, म्हणजे झोळीवाल्यांचे सोयरे, हे गावच्याच तरुणांचे मंडळ. घरट्यातून पडलेली पिले उचलून, मासे भरवून, पंखांत बळ येईतो ते सांभाळतात.