हळकुंड फोडून पाहावे



सातारा-सांगलीकडील आपली पुष्कळ कुटुंबे किराणा व्यापारात आहेत, म्हणून आम्ही हळदीविषयीच बोलतो. २००५ च्या महापुरात हरिपूरची कित्येक हळदीची पेवे नासली, तरी पेठेचे नाव राहिले. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही लाभले. त्या नावाची परीक्षा मात्र आपल्या दुकानात होते. गिऱ्हाईक म्हणते, "शेजारची हळद अधिक पिवळी." तशी झळाळी आणण्यासाठी काही लबाड लोक हळकुंडांस शिशाचे क्रोमेट चोळतात, आणि शिसे मुलांच्या मेंदूस बाधते. खऱ्या, फिक्या हळदीपायी गिऱ्हाईक गेले तर जावो, असे आम्हांस वाटते. (उधारी थकविणारे बहुधा तेच असते!) मात्र आधी त्याच्यासमोर दोन्हीकडची हळकुंडे फोडावीत, बाहेर भडक नि आत निराळा रंग कोठे आहे, ते त्यासच दिसेल. आडत्याकडे माल घेतानाही असेच फोडून पाहावे. त्यात त्याचा अपमान नाही.