बुटक्याच्या अंगी कोणता गुण?

आम्ही शिराळ्याकडच्या बचत गटातल्या बाया. आज एका खेळाविषयी बोलणार आहोत.

शहरात शिकायला गेलेलं पोर सुट्टीला घरी येतं, भावंडांना गोळा करतं, कागद-पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा काढतं आणि विचारतं, "सांगा, गोष्टीत तुम्ही कोण होणार?" या खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी धिप्पाड योद्धा, कुणी मांत्रिक, तर कुणी हाफलिंग, म्हणजे तीन फुटांचा बुटका. घरातलं धाकटं बहुधा बुटकाच मागतं. मग थोरली हसतात, "हा काय लढणार?"

अशा वेळी त्या धाकट्याला काय सांगावं?

खेळात प्रत्येक पात्राला सहा गुण असतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, जाण आणि बोलण्याची छाप. त्यांत १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा आकडे वाटायचे. सगळीकडे मोठा आकडा मिळत नाही. कुठंतरी आठ लिहावेच लागतात. घरखर्चासारखंच हे. एकीकडे सोडलं तरच दुसरीकडे पुरतं.

आपल्या म्हातारी, वाघ आणि भोपळ्याच्या गोष्टीतल्या म्हातारीला आकडे द्यायचे झाले तर? ताकदीला आठ. पण बोलण्याला पंधरा आणि बुद्धीला चौदा. लेकीकडं जाऊन जाडजूड होऊन येते, असं सांगून तिनं वाघाला थांबवलं. तिला ताकदीचे पंधरा दिले असते तर ती वाघाशी झुंजायला गेली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती.

आता आकडा कामाला कसा येतो ते बघा. दहाच्या वर दर दोनाला एक जादा मिळतो, दहाच्या खाली गेलं की कमी होतो. बुटक्याची चपळाई १७ असेल तर फाशावर तीन जादा, ताकद ८ असेल तर एक कमी. समजा, भुईकोटाच्या पडक्या भिंतीतल्या भोकातून आत शिरायचंय आणि त्याला १५ लागतात. फासा १२ पडला. चपळाईनं सरकला तर १५ झाले, आत गेला. ताकदीनं दगड ढकलायला गेला तर ११, बाहेरच राहिला.

म्हणजे बुटक्यानं नेहमी चपळच व्हायचं का? इथं या खेळाच्या नियमांची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात बाई पात्राच्या ताकदीला कुंपण घातलेलं होतं. हाफलिंग पुरुषाची ताकद १७ पर्यंत जाई, हाफलिंग बाईची १४ वरच थांबे. नुसत्या कल्पनेतल्या जगातसुद्धा! १९८९ च्या आवृत्तीत हा बाई-पुरुष भेद गेला. तरी २०१४ च्या पुस्तकात हाफलिंग म्हणून जन्माला आला की चपळाईत २ ची वाढ ठरलेलीच होती. २०२४ च्या पुस्तकानं तेही बदललं. आता वाढ जन्मावर मिळत नाही, पात्र आधी काय काम करत होतं त्यावर मिळते. शेतकरी असेल तर ताकद, काटकपणा आणि जाण या तिघांत वाढ. भांगलण करून, उसाची मोळी उचलून अंगात काय येतं, ते आपल्याला कुणी पुस्तकातून सांगायला नको.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पोरानं बुटका निवडला की आधी विचारा, "हा पोटासाठी काय करतो?" वाटाड्या असेल तर मोठा आकडा जाणेला. बाजारात माल विकत असेल तर बोलण्याला. शेतात राबत असेल तर ताकदीला द्यायलाही हरकत नाही. उंची आकडे ठरवत नाही. उंचीचा फायदा हाफलिंगला वेगळा मिळतोच. तो मोठ्या गड्यांच्या मधून निसटून जातो, भीतीपुढं सहज डगमगत नाही आणि फाशावर एक पडला तर पुन्हा टाकू शकतो.

आणि जिथं आठ लिहिलेत, तिथं सोबतीला दुसरं पात्र लागतं. बुटका भोकातून आत जातो, आतून कडी काढतो, मग धिप्पाड गडी दार लोटतो. एकट्यानं हा खेळ पुढं जात नाही. गटातल्या बायांना हे वेगळं समजावायला नको.

फासा नसला तरी अडत नाही. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका. दर वेळी एक काढायची आणि परत टाकायची. पावसाची झड लागली, शेतातलं काम थांबलं की पोरांना घेऊन बसा. लेकीही बसवा आणि स्वतःही एक पात्र घ्या. पहिली चिठ्ठी मात्र धाकट्याला काढू द्या.