दार धरून उभा राहिलेला गडी



दूरचित्रवाणीवरच्या एका कल्पित कथेतील एका नोकराच्या मरणावर आज मी बोलणार आहे. हा विषय इतका वेळ घेण्याजोगा आहे काय, अशी शंका काही जणांच्या मनात येईल. ती अगदीच गैरवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांनी ही कथा पाहिली आहे त्यांना ‘होडोर’ एवढे एकच नाव उच्चारले तरी पुरे होईल. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अमेरिकेतील एचबीओ या वाहिनीची चित्रमालिका. 2011 सालच्या एप्रिलपासून 2019 सालच्या मेपर्यंत तिचे आठ खंडांत एकूण 73 भाग दाखविण्यात आले. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ग्रंथमाला हा तिचा आधार. त्या ग्रंथमालेचा पहिला खंड 1996 साली व पाचवा 2011 साली प्रसिद्ध झाला. सहाव्याची वाचक अद्याप वाट पाहत आहेत. मालिका मात्र थांबली नाही. सहाव्या खंडापर्यंत ती ग्रंथांच्या पुढे निघून गेली, आणि त्यामुळे ग्रंथ तोंडपाठ असलेले वाचकही त्या टप्प्यावर तुमच्याआमच्यासारखे अजाण प्रेक्षक झाले. 22 मे 2016 रोजी दाखविलेला सहाव्या खंडाचा पाचवा भाग त्यांतलाच. त्याचे नाव ‘द डोअर’, म्हणजे नुसते ‘दार’. लेखक डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाईस, दिग्दर्शक जॅक बेंडर.

कथेत विंटरफेल नावाचा एक किल्ला आहे. तेथील सरदाराचा मुलगा ब्रॅन लहानपणीच बुरुजाच्या खिडकीतून खाली ढकलला जातो आणि कमरेखाली लुळा होतो. त्याला पाठीवर घेऊन फिरणारा जो धिप्पाड गडी, तो होडोर. तबेल्यातला नोकर. उंची जवळजवळ सात फूट, अंगात रेड्याचे बळ, मन लहान मुलाचे, आणि जिभेवर एकच शब्द: ‘होडोर’. तो का बोलत नाही हे कोणी विचारत नाही. मोठ्या घरांत नोकराविषयी असे प्रश्न विचारण्याची रीत नसते. जुन्या वाड्यांच्या देवडीवर बसणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचे खरे नाव घरातल्या किती जणांना ठाऊक असे? पिढ्यान् पिढ्या एक टोपणनाव चालत असे, आणि तो माणूस तेवढ्यावरच ओ देत असे. होडोर त्यांच्याच जातकुळीचा.

ही भूमिका क्रिस्टियन नेर्न या उत्तर आयर्लंडच्या नटाने केली. एकच शब्द हाती असताना त्याने भीती, आनंद, भूक, लाज, हट्ट, माया हे सारे त्या एका शब्दाच्या चढउतारांतून दाखविले आहे. पल्लेदार स्वगते म्हणणाऱ्या नटांचे कौतुक आपण नेहमीच करतो. एका शब्दावर पाच-सहा वर्षे उभे राहणे हे त्याहून सोपे आहे असे मला वाटत नाही.

आता ब्रॅनकडे वळू. या मुलाला दोन सिद्धी प्राप्त होतात. एक, त्याला भूतकाळ प्रत्यक्ष दिसतो. दुसरी, तो दुसऱ्या जिवाच्या देहात शिरू शकतो. आपल्याकडे हिला परकायाप्रवेश असा तयार शब्द आहे. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका श्रोत्यांना ठाऊक असेलच. पण त्या आख्यायिकेतील एक तपशील येथे फार महत्त्वाचा आहे: तो राजा मृत झालेला होता. रिकाम्या घरात राहावयास जाणे वेगळे, आणि राहत्या माणसाला कोपऱ्यात ढकलून त्याच्या घराचा ताबा घेणे वेगळे. मार्टिन यांनीही हा भेद ओळखला आहे. त्यांच्या पाचव्या खंडाच्या प्रारंभी अशा सिद्धी बाळगणाऱ्यांचेच नियम येतात, आणि त्यांत जिवंत माणसाच्या देहात बळाने शिरणे हे महापातक मानलेले आहे. पशूच्या देहात जा, पक्ष्याच्या देहात जा, माणसाच्या नको.

ब्रॅन होडोरच्या बाबतीत हे पातक एकदा नव्हे, अनेकदा करतो. तिसऱ्या खंडात वादळाच्या गडगडाटाने होडोर घाबरून ओरडू लागतो आणि बाहेर शत्रू असतो, तेव्हा त्याला गप्प करण्यासाठी ब्रॅन प्रथम त्याच्यात शिरतो. चौथ्या खंडात होडोरच्या हातांनी तो एका माणसाचा जीव घेतो. त्यानंतर होडोर भानावर येतो आणि आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहत राहतो. त्या दृष्टीत जे काही होते त्यावर मालिकेतील कोणीही एक अक्षर बोलत नाही. मी तो भाग 2014 साली पाहिला तेव्हा मलाही त्याचे काही विशेष वाटले नव्हते. मुले संकटातून सुटली याचाच आनंद झाला होता. लेखकांनी आपल्याला त्या आनंदात मुद्दाम गुंतवून ठेवले होते, असे आता वाटते.

‘दार’ या भागात इतरही पुष्कळ घडते. लोहद्वीपांवर राजाची निवड होते, आणि एक बढाईखोर काका स्वतःच्या भावाच्या खुनाची कबुली देऊनही निवडून येतो. हे प्रकरण इतक्या घाईने उरकले आहे की, त्या दर्यावर्द्यांच्या बुद्धीची कीव यावी. डेनेरिस आणि असाध्य रोगाने ग्रासलेला तिचा सेवक जोरा यांचा निरोप मात्र उत्तम साधला आहे. आणि ब्राव्होस या शहरात एक तमाशावजा नाटक चालते, त्याचा उल्लेख करावयास हवा. मृत सरदार नेड स्टार्क याला त्या नाटकात गावंढळ मूर्ख म्हणून रंगविले आहे. प्रेक्षक खदखदा हसतात आणि त्यांच्यात उभी असलेली त्याची मुलगी आर्या ते मुकाट्याने पाहते. थोरामोठ्यांच्या मरणाची निदान नाटके तरी होतात, मग ती टवाळीची का असेनात. हे मनात ठेवून पुढे चला.

उत्तरेकडच्या हिमप्रदेशात एका पुरातन वृक्षाखालच्या गुहेत ब्रॅन आपल्या गुरूपाशी विद्या शिकत असतो. गुरूची भूमिका मॅक्स फॉन सिडो या थोर नटाची. गुरूची परवानगी न घेता ब्रॅन एकटाच दिव्यदृष्टीने फिरावयास जातो, मृतांच्या सेनेचा राजा त्याला पाहतो व त्याचा हात धरतो. त्या स्पर्शाने गुहेचे संरक्षण भंगते. म्हणजे पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ एका मुलाच्या उतावीळपणात आहे. मृतांची सेना चालून येते. त्या क्षणी ब्रॅनचे शरीर गुहेत आणि मन अनेक वर्षांपूर्वीच्या विंटरफेलच्या चौकात असते. तेथे त्याच्यासमोर तबेल्यातला एक चांगला बोलका-चालका पोरगा उभा असतो. त्याचे नाव विलिस. हाच पुढचा होडोर. तो लहानपणी बोलत होता हे आपल्याला तीनच भाग आधी कळलेले असते, आणि ब्रॅनप्रमाणे आपल्यालाही त्याचे आश्चर्य वाटलेले असते.

गुहेत ब्रॅनची सोबतीण मीरा त्याला हाका मारते. होडोर भीतीने जमिनीवर बसून डुलत असतो. त्याच्यावाचून सुटका नसते. ब्रॅन भूतकाळात उभा राहून तिची हाक ऐकतो आणि तेथूनच होडोरच्या देहात शिरतो. होडोर उठतो, ब्रॅनची घसरगाडी ओढत भुयारातून धावतो. मागे लांडगा मरतो, गुरू मरतो, वनकन्या लीफ स्वतःला जाळून घेते. भुयाराच्या टोकाशी एक जड दार. मीरा ब्रॅनला घेऊन बर्फात निघून जाते. होडोर दार ओढून घेतो, पाठ लावून उभा राहतो. मीरा ओरडत जाते, ‘होल्ड द डोअर!’ आणि तिकडे, अनेक वर्षांपूर्वी, चौकातला तो विलिस डोळे फिरवून कोसळतो. झटके देत देत तो तेच शब्द ओरडू लागतो. ते शब्द झिजत जातात, एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी उरते ते ‘होडोर’. दाराच्या फळ्या फोडून मृतांचे हात त्याच्या तोंडावर, छातीवर येतात. तो हलत नाही.

पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी काही काळ सुन्न बसून होतो. त्यानंतर लगेच जो विचार मनात आला तो, सांगावयास थोडा संकोच वाटतो, भाषांतराचा होता. हा सारा चमत्कार एका इंग्रजी श्लेषावर उभा आहे. मग इतर भाषांतील लोकांनी काय करावे? जर्मनांना फारसे जड जाऊ नये, कारण त्यांच्याकडे मोठ्या दाराला ‘टोर’ म्हणतात. आपले ‘दार’, संस्कृत ‘द्वार’, इंग्रजी ‘डोअर’ हे शब्द तर एकाच कुळातले. तेव्हा मराठीत मीरेने काय ओरडावे? ‘दार धर’ यातून काही होडोर निघत नाही. परंतु आपण दार नुसते धरत नाही, ओढून घेतो. घाईच्या वेळी बोलण्याचा क्रमही उलटतो. ‘ओढ दार! ओढ दार!’ हे भराभर म्हणून पाहा. ‘ओढदार’, ‘होडार’, ‘होडोर’. मराठीला ही युक्ती जमते, याचा मला झालेला आनंद भाषाभिमान्याचा समजून श्रोत्यांनी क्षमा करावी.

या कल्पनेचे श्रेय दोन्ही लेखकांनी मोकळेपणाने मार्टिन यांना दिले आहे. या नावाचे रहस्य त्यांनीच आपल्याला सांगितले, असे ते म्हणतात. पहिल्याच खंडात दिसलेल्या गड्याचे नाव म्हणजे त्याच्या मरणाचा हुकूम होता, आणि तो गडी दिवसातून शंभरदा तो हुकूम स्वतः उच्चारीत होता. पुन्हा पहिल्यापासून मालिका पाहावयास घेतली की, विनोदी वाटलेला तो शब्द प्रत्येक वेळी कानाला टोचतो.

या भागानंतर बहुतेकांनी होडोरला वीर ठरविले. दारांना लावावयाच्या खुंट्यांवर त्याचे नाव कोरले गेले, उद्वाहनाचे दार उघडे ठेवण्याच्या बटणांवर ते लिहिले गेले. मराठी प्रेक्षकांच्या मनात तर तुलना तयारच होती: 1660 सालच्या जुलै महिन्यातील घोडखिंड आणि बाजीप्रभू. देखावा खरोखर सारखा आहे. अरुंद वाट, पाठीमागे सुटून चाललेला धनी, समोर न संपणारी फौज. पण मला ही तुलना मान्य करवत नाही. बाजीप्रभूंनी खिंड पाहिली, धोका पाहिला, धन्याला पुढे जावयास सांगितले आणि मग ते उभे राहिले. ‘मी राहतो’ असे म्हणण्याइतकी त्यांची वाचा शाबूत होती. होडोरची वाचाच आधी काढून घेण्यात आली. तोही मोठ्या वयात नव्हे, पोरवयात. ज्या कामासाठी ती घेतली ते काम अनेक वर्षे पुढे होते. त्या पोराला तलवार शिकावयाची असेल, लग्न करावयाचे असेल, निदान घोड्यांविषयी चार शब्द बोलावयाचे असतील. ते सारे आयुष्य एका दारासाठी आगाऊ खर्ची पडले. आपल्या पुराणांतही दारे राखणाऱ्यांच्या वाट्याला सुख आलेले नाही. जय-विजयांना शाप मिळाला, पार्वतीच्या मुलाचे मस्तक गेले. पण जय-विजयांना उःशाप होता, आणि गणपतीला तर अग्रपूजेचा मान मिळाला.

याला उत्तर म्हणून माझे काही स्नेही असे सांगतात की, शेवटच्या क्षणी होडोर स्वतःचाच होता. ब्रॅनचा ताबा सुटला होता, आणि दार धरण्याचा निर्णय त्याने आपल्या मनाने घेतला. ही समजूत मलाही हवीशी वाटते. परंतु भागात याचे स्पष्ट उत्तर नाही. कॅमेरा होडोरचा चेहरा दाखवितो आणि त्या चेहऱ्यावर निश्चय आहे की केवळ आज्ञा आहे, हे नेर्न यांनी दोहोंकडे झुकेल असे ठेवले आहे. ब्रॅनच्या चेहऱ्याविषयी मात्र संशय नाही. चौकात उभा असलेला तो मुलगा विलिसला कोसळताना पाहतो आणि आपण काय केले ते त्याला समजते. आयझॅक हेम्पस्टेड राइट या तरुण नटाने तेथे एक अक्षर न बोलता जे केले आहे, ते या भागातील सर्वांत चांगले काम होय.

एवढे पाहिल्यावर माझी अपेक्षा होती की, पुढे केव्हातरी या गोष्टीचा हिशेब होईल. मालिकेचा शेवटचा भाग 19 मे 2019 रोजी दाखविण्यात आला. त्यात सरदारांची सभा भरते आणि टिरियन मोठ्या वक्तृत्वाने सांगतो की, ब्रॅनइतकी उत्तम कहाणी दुसऱ्या कोणाची नाही, म्हणून राज्य त्यालाच द्यावे. सभा मान्य करते. बुरुजावरून पडलेला मुलगा उत्तरेच्या टोकापर्यंत कोणाच्या पाठीवर बसून गेला, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारीत नाही.

तो हिशेब एकदाच, त्याआधी दोन वर्षे, सातव्या खंडाच्या चौथ्या भागात मांडला गेला होता. विंटरफेलला सुखरूप पोहोचविलेल्या ब्रॅनचा निरोप घ्यावयास मीरा येते. तो कोरडेपणाने तिचे आभार मानतो. तेव्हा ती तुझ्यासाठी कोण कोण मेले ते त्याला सांगते: तिचा भाऊ, होडोर, तो लांडगा. गुहेत तूही मेलास, असेही म्हणते. ब्रॅन यावर फारसे काही बोलत नाही. मीरा डोळे पुसून निघून जाते, आणि मालिकेत ती पुन्हा दिसत नाही.