पोटातील पडद्याचे आयुष्य

पोटाची पोकळी आतून एका पातळ, गुळगुळीत पडद्याने मढविलेली असते. आतडी, यकृत इत्यादी इंद्रियांवरही हाच पडदा पसरलेला असतो. त्याला पर्युदर म्हणतात. निकामी झालेल्या मूत्रपिंडांचे काम काही अंशी या पडद्याकडून करून घेता येईल, या कल्पनेने जर्मनीतील गेओर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये रुग्णावर प्रयोग केला. रुग्णाने घरी राहून रोज करावी अशी पद्धती अमेरिकेतील पोपोविच व मॉन्क्रीफ यांनी १९७६ मध्ये मांडली.

पद्धती साधी आहे. पोटात कायम बसविलेल्या नळीतून सुमारे दोन लिटर द्राव आत सोडायचा, काही तास ठेवायचा व काढून नवा भरायचा. पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील मळ त्या द्रावात उतरतो. मात्र साचलेले पाणी आपोआप बाहेर येत नाही. मीठ लावलेल्या कैरीला जसे पाणी सुटते, तसे द्रावातील साखर ते ओढून घेते. ही साखर म्हणजे ग्लुकोज. सौम्य द्रावातही ती निरोगी रक्तातील प्रमाणाच्या दहापटींहून अधिक असते.

जी साखर रुग्णाला तारते, तीच पडद्याला झिजविते. शिवाय जुन्या पद्धतीचा द्राव आम्लधर्मी असतो, आणि तो निर्जंतुक करताना उष्णतेने साखरेचे विघटन होऊन काही दाहक द्रव्ये तयार होतात. १९२३ च्या प्रयोगाला जो पडदा निरोगी भासला असेल, तो वर्षानुवर्षांच्या उपचाराने तसा राहत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत निरोगी माणसांत या पडद्याखालील तंतुमय थर सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा आढळला. मूत्रपिंडाच्या विकारानेच तो १४० पर्यंत जाडावला होता. आठ वर्षांहून अधिक काळ हा उपचार घेतलेल्यांत तो ७०० च्या घरात गेला होता.

पुढे पडद्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या द्रावातील साखर लवकर शोषून घेतात, ओढ संपते आणि पाणी अंगातच राहते. मग अधिक तीव्र द्राव वापरावा लागतो, व त्याने पडदा आणखी बिघडतो. हे दुष्टचक्र तुटले नाही, तर अखेरीस यंत्राद्वारे रक्त शुद्ध करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शहरापासून दूर राहणाऱ्या रुग्णाला ते परवडणारे नसते.

यावर दोन मार्ग निघाले. एक, दोन कप्प्यांची पिशवी: साखर एकीकडे, क्षार दुसरीकडे, वापरण्यापूर्वी दोन्ही मिसळले की द्राव जवळजवळ उदासीन होतो व दाहक द्रव्ये कमी राहतात. दुसरा, मक्याच्या स्टार्चपासून केलेला आयकोडेक्स्ट्रिनचा द्राव. त्याचे रेणू मोठे असल्याने ते सावकाश शोषले जातात आणि ओढ दीर्घकाळ टिकते. तो दिवसातून एकदा, लांब मुक्कामासाठी वापरतात. दोन कप्प्यांच्या द्रावाने रुग्णाची उरलेली लघवी अधिक टिकते, असे चाचण्यांत दिसले आहे. पडदा कित्येक वर्षे वाचतो, हे मात्र अजून निर्विवाद ठरलेले नाही. हे द्राव महागही आहेत.

एक उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. लोणची, पापड व वरचे मीठ आवरले की तहान कमी लागते, अंगात पाणी कमी साचते आणि सौम्य द्रावावर भागते. नळी हाताळण्यापूर्वी हात स्वच्छ धुतल्याने जंतुसंसर्ग टळतो. तोही या पडद्याचा मोठा वैरी आहे. द्रावाची निवड वैद्याने करावयाची असते. पण सौम्य द्राव पुरावा, ही सोय बव्हंशी रुग्णाच्या स्वयंपाकघरातच होते.