दुधाच्या थेंबाची परीक्षा

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



लखनऊचे नाव निघाले की मराठी मनाला पंडित विष्णू नारायण भातखंडे आणि १९२६ साली तेथे सुरू झालेले संगीत महाविद्यालय आठवते. त्याच शहरात १९६५ पासून विषविज्ञानाला वाहिलेली एक राष्ट्रीय प्रयोगशाळा उभी आहे. आज ती भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. खाद्यतेलात मिसळला जाणारा बटर यलो हा घातक रंग ओळखणारी साधी पट्टी या संस्थेने तयार केली. तेलाची परीक्षा प्रयोगशाळेतून दुकानाच्या फळीवर आली, हे त्या पट्टीचे खरे मोल.

दुधाचा प्रश्न याहून बिकट आहे. बुरशी लागलेली पेंड जनावराच्या पोटात गेली की तिच्यातील अफ्लाटॉक्सिन रूप पालटून दुधात उतरते. दूध उकळल्याने ते नाहीसे होत नाही, हे घरोघरच्या मातांनी विशेष ध्यानात घ्यावे. एका किलो दुधात ०.५ मायक्रोग्रॅम ही त्याची कायदेशीर मर्यादा. २०१८ सालच्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांनी ती ओलांडली होती. इतके सूक्ष्म प्रमाण अचूक मोजणारी यंत्रे महाग आहेत, आणि अहवाल हाती येईपर्यंत दूध पिऊन झालेले असते.

येथे विद्युत-रासायनिक जैवसंवेदक उपयोगी पडू शकतो. कार्बनच्या शाईने छापलेल्या लहानशा पट्टीवर पॉलिअ‍ॅनिलीनसारख्या वीजवाहक बहुवारिकाचा पातळ थर चढवतात. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, ही समजूत शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ साली मोडीत काढली; २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच लाभले. या थराला प्रतिपिंडे जोडतात. नेमका एकच रेणू ओळखून धरावा, हा प्रतिपिंडांचा स्वभाव. विषाचा रेणू त्यांना चिकटला की विजेच्या वाटेतील अडथळा बदलतो. तो बदल मोजला की विषाचे प्रमाण कळते.

बहुवारिक स्वस्त आहे, शाईही स्वस्त आहे. महाग पडतात ती प्रतिपिंडे, आणि उष्णतेने ती निकामीही होतात. लखनऊच्या किंवा विदर्भाच्या मे महिन्यात ती टिकवायची तर शीतपेटी हवी. संवेदकाच्या किमतीत हा खर्च न धरता त्याला ‘स्वस्त’ म्हणणे ही कागदावरची स्वस्ताई होय. शिवाय दुधातील स्निग्धांश आणि प्रथिनेही थराला चिकटून मापन बिघडवतात.

आणखी एक गोष्ट. संकलन केंद्रावर किटली नाकारली गेली, तर नुकसान होते ते दूध घालणाऱ्याचे; दोष मात्र पेंडीचा असतो. म्हणून असा संवेदक गावात येईल तेव्हा त्याने पहिली परीक्षा दुधाची नव्हे, दुकानातील पेंडीच्या पोत्याची घ्यावी.