ऐकणं आणि मानणं

कोकणातली आई शेजारणीला सांगते, 'पोरगा माझं ऐकत नाही,' तेव्हा शेजारीण पोराच्या कानांची चौकशी करत नाही. ऐकून केलं नाही, तर ऐकलंच नाही, हे मराठीने कधीच ठरवून टाकलं आहे. नव्या करारात आज्ञापालनासाठी येणाऱ्या 'हुपाकोए' या ग्रीक शब्दाच्या पोटातही ऐकण्याचाच धातू आहे, आणि पौल रोमकरांस पत्रात (1:5 आणि 16:26) तो विश्वासाला जोडून वापरतो. माझं म्हणणं एवढंच, की विश्वास हातापायांत उतरला की त्यालाच आज्ञापालन म्हणतात; म्हणून ते कुणा मध्यस्थाच्या हवाली करता येत नाही.

पहिला आक्षेप ख्रिस्ती घरातूनच येतो. तारण विश्वासाने होतं, कर्माने नव्हे, असं पौल सांगतो. मग आज्ञा पाळण्याचा आग्रह म्हणजे कर्मकांड मागच्या दाराने आत घेणं नाही का? मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातला दाखला पाहा. बाप दोघा मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. आपल्याकडे हापूसच्या कलमांत म्हणा. एक तोंडावर 'नाही जात' म्हणतो, मागाहून पस्तावतो आणि जातो. दुसरा 'जातो' म्हणतो आणि जात नाही. या गोष्टीत मजुरी ठरत नाही, कारण दोघेही आधीपासून मुलगेच आहेत. कामाला गेल्याने मुलगेपण मिळत नाही. ज्याने बापाला बाप मानलं तो जातो, इतकंच. पौल आणि कर्मांविना विश्वास निर्जीव म्हणणारा याकोब यांच्यात लावलेलं भांडण मला इथे बरंचसं मिटलेलं दिसतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: आज्ञापालन शिकवतो तो बहुधा आज्ञा देणारा असतो. हे खरं आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर भारतातल्या बिशपांचं मत मागवलं गेलं आणि ते प्रतिकूल आलं. रमाबाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनना कळवलं त्याचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे. देवाचा शब्द मानीन, पण माणसाचा प्रत्येक शब्द देवाचा म्हणून नाही. वरच्यांना हा हट्ट वाटला. मला यात आज्ञापालनच दिसतं, कारण कोणाचं ऐकायचं हे ज्याला ठाऊक असतं त्यालाच इतरांना नाही म्हणता येतं.

आता रत्नागिरी जिल्ह्याकडे येऊ. रत्नागिरीत टिळक म्हटलं की लोकमान्यांचंच घर आठवतं, पण नारायण वामन टिळकही याच जिल्ह्यातले, करजगावला 1861 साली जन्मलेले. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917 साली त्यांनी ख्रिस्ती मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. मिशनचा पगार हेच त्यांच्या विश्वासाचं कारण म्हणणाऱ्यांना हे साल अडचणीचं आहे.

पण तिसरा आक्षेप मला स्वतःलाच सोडत नाही. आज्ञा पाळली टिळकांनी, किंमत मोजली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या मुंबईत नव्हत्या. नंतर पंढरपुरात नातेवाइकांकडे, पदरात लहान मुलगा दत्तू आणि नवरा जिवंत असून परका, असे दिवस त्यांनी काढले. 'देवाने सांगितलं' म्हटल्याने ही किंमत माफ होत नाही, आणि ती माफ करणारी शिकवण मला मान्य नाही. टिळकांच्या बाजूने एकच सांगता येतं: 'मी मानलं, म्हणून तूही मान' असं त्यांनी लादलं नाही. पुन्हा एकत्र नांदू लागल्यावरही लक्ष्मीबाई सोवळं पाळत होत्या, वेगळं शिजवत होत्या. ख्रिस्ती घरात शिवाशिव पाळणाऱ्या बाईचा तो स्वयंपाक नवऱ्याने चालू दिला. पुढे जातिभेद माणसांनीच केलेला आहे, हे त्यांचं त्यांना पटलं, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दाखल्यातला तो 'नाही' म्हणणाऱ्या मुलाला मळ्यात पोचायला किती वेळ लागला, हे मत्तय सांगत नाही. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली, आणि 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी ती नवऱ्याला सांभाळून न घेता, मधूनमधून हसत, लिहून ठेवली आहेत.